गुपित फुटतं ते नकलेच्या जागी : आंबेरच्या पत्रांपासून ऑफिसच्या प्रिंटरपर्यंत

  

या मालिकेत आपण लढाया, तह, गड, सरदार यांच्याबद्दल बोलत असतो. आजचा विषय वाचून काही जण म्हणतील, कर्नलसाहेब, हे काय मध्येच काढलंत? विषय आहे ऑफिसमधला नेटवर्कला जोडलेला प्रिंटर, आणि त्याच्यावर परक्याचा हात पडू नये म्हणून काय करायचं हा. पण हा इतिहासाचाच विषय आहे. राज्य असो, पलटण असो की चार टेबलांचं कार्यालय, कागदाचं गुपित तिजोरीतून फार कमी वेळा जातं. ते जातं जिथे त्या कागदाची नक्कल होते तिथून. पूर्वी त्या जागी लेखणी घेतलेला माणूस बसायचा, मग झेरॉक्स यंत्र आलं, आज तिथे प्रिंटर आहे. जागा तीच आहे.

आग्र्याची बातमी आंबेरला

सुरुवात आपल्या ओळखीच्या प्रसंगापासून करू. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला. पुढच्या वर्षी, मे १६६६ मध्ये, शिवाजी महाराज आग्र्याला गेले. दरबारातला अपमान, मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा रामसिंग याने घेतलेली हमी, डेऱ्याभोवतीच्या फौलादखानाच्या चौक्या आणि ऑगस्टमध्ये महाराजांचं निसटणं, हे सगळं आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण यातला बराच तपशील आपल्याला कुठून कळला? जयपूरच्या दप्तरातून. रामसिंगाच्या पदरचा परकालदास हा अधिकारी आग्र्याहून आंबेरला कल्याणदासाला राजस्थानी भाषेत पत्रं लिहीत होता. बादशहा काय म्हणाला, दरबारात महाराजांच्या विरोधात कोण कोण बोललं, पहारे कसे वाढले, हे त्यात आहे. सर जदुनाथ सरकार आणि डॉ. रघुवीरसिंह यांनी ही कागदपत्रं १९६३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली.

ही हेरगिरी नव्हती, हे लक्षात घ्या. मोठ्या सरदारांचे वकील दरबारात असत आणि ते रोजच्या घडामोडींची अखबारातं, म्हणजे बातमीपत्रं, उतरवून आपल्या धन्याला पाठवत. आंबेरच्या वकिलांनी जमवलेले असे असंख्य कागद आज बिकानेरच्या राजस्थान राज्य अभिलेखागारात आहेत, आणि काही कर्नल टॉडने नेलेले लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत. मुद्दा असा, की ज्या दरबाराच्या दारावर पहारेच पहारे होते, त्या दरबारातला शब्द लेखणीवाटे दूरवर आंबेरला पोचत होता. लाल किल्ल्याची भिंत घोडदळ अडवू शकत होती, नक्कल अडवू शकत नव्हती.

आपल्याकडे या गोष्टीचं भान किती होतं ते महाराजांच्या पत्रांवरून दिसतं. पत्राच्या माथ्यावर राजमुद्रा असते, आणि मजकूर जिथे संपतो तिथे दुसरा लहान शिक्का असतो, मर्यादेचा. त्याचा अर्थ, पत्र इथे संपलं; याखाली कोणी काही लिहिलं तर ते आमचं नाही. लांब पत्र असेल तर कागदाला कागद जोडत आणि मागच्या बाजूने त्या जोडावर शिक्का मारत, म्हणजे मधलं पान बदलता येऊ नये. आजचे संगणकवाले ज्याला कागदाची शाबूती राखणं म्हणतील, ते काम सतराव्या शतकात दोन शिक्के करत होते.

लष्करातही तेच. गोपनीय आदेशावर प्रत क्रमांक असतो. किती प्रतींपैकी ही कितवी, ती कोणाला दिली, परत कधी आली, जाळली तर कोणाच्या समोर जाळली, याची नोंद असते. नवीन अधिकाऱ्याला हे कारकुनी काम वाटतं. पण ज्या दिवशी प्रतींची मोजदाद सुटते, त्या दिवशी कागद तुमचा राहत नाही.

लेखणीच्या जागी यंत्र आलं

मोजदाद पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर सुटली ती १९५९ नंतर. त्या वर्षी झेरॉक्स कंपनीचं ९१४ हे यंत्र बाजारात आलं. वजन जवळपास ३०० किलो, पण बटण दाबलं की साध्या कागदावर प्रत हजर. हा शोध चेस्टर कार्लसन यांचा, १९३८ मधला. यंत्र लोकप्रिय झालं आणि वॉशिंग्टनच्या सोव्हिएत दूतावासातही पोचलं. आता गंमत पाहा. दूतावासाच्या दारावर कडक पहारा, आत परक्याला मज्जाव. पण यंत्र बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? अमेरिकन कंपनीचा माणूस. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या गुप्तचर खात्याने कंपनीतल्या अभियंत्यांकडून त्या यंत्रात बसेल असा छोटा कॅमेरा तयार करून घेतला. दूतावासातला माणूस प्रत काढायचा, तेव्हा आतला कॅमेरा आपली प्रत काढायचा. दुरुस्तीला येणारा माणूस फिल्म बदलून न्यायचा. ही हकीकत त्या कामातल्या एका अभियंत्याने सांगितली आणि १९९७ मध्ये ती छापून आली. दूतावासाने पहारा माणसांवर ठेवला, यंत्रावर ठेवला नाही.

आपल्या देशाला हा धडा १९८५ च्या जानेवारीत मिळाला. दिल्लीत कूमर नारायण नावाचा एक माणूस एका मुंबईच्या उद्योगसमूहाचं काम पाहायचा. पंतप्रधान कार्यालय, राष्ट्रपती भवन, संरक्षण आणि इतर खात्यांतले स्वीय सहायक आणि कारकून त्याला कागद आणून द्यायचे, तो झेरॉक्स काढून घ्यायचा आणि मूळ कागद जागेवर परत जायचा. कपाट फोडलं नाही, कुलूप तुटलं नाही, फाइलमधलं एक पान कमी झालं नाही. मोबदला काय, तर थोडी रोकड आणि दारूच्या बाटल्या. त्या प्रती परदेशी दूतावासांकडे जात होत्या आणि फ्रान्सच्या लष्करी प्रतिनिधीला देश सोडावा लागला. पंतप्रधानांचे प्रधान सचिव डॉ. पी. सी. अलेक्झांडर यांच्यावर कसलाही आरोप नव्हता, पण आपल्या कार्यालयातली माणसं त्यात सापडली म्हणून त्यांनी राजीनामा दिला. हेच अलेक्झांडर पुढे १९९३ ते २००२ आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल होते. खटला इतका लांबला की कूमर नारायण २००० मध्ये वारला आणि इतरांना शिक्षा झाली ती २००२ मध्ये.

तुम्हाला वाटेल, तीस वर्षांनी तरी शहाणपण आलं असेल. फेब्रुवारी २०१५ मध्ये दिल्ली पोलिसांनी शास्त्री भवनातल्या पेट्रोलियम मंत्रालयातून कागद चोरणाऱ्यांना पकडलं. पोलिसांनी सांगितलेली पद्धत अशी : बनावट ओळखपत्रं, बनावट किल्ल्या, रात्रीची वेळ आणि आतलंच झेरॉक्स यंत्र.

आमच्या जयपूरचं उदाहरण अजून ताजं आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये शिक्षकांच्या पात्रता परीक्षेची, म्हणजे रीटची, प्रश्नपत्रिका इथल्या शिक्षा संकुलातून फुटली. फेब्रुवारी २०२२ मध्ये दुसऱ्या स्तराची परीक्षा रद्द करावी लागली. लाखो मुलांची वर्षं वाया गेली. प्रश्नपत्रिका फुटायला एक प्रत पुरते. बाकीचं काम मोबाइल आणि प्रिंटर करतात.

नेटवर्क जन्मलं तेच प्रिंटरसाठी

आता यंत्र तारेला कधी जोडलं गेलं ते पाहू. झेरॉक्सच्याच कॅलिफोर्नियातल्या पार्क या संशोधन केंद्रात गॅरी स्टार्कवेदर यांनी १९७१ मध्ये लेझर प्रिंटर तयार केला. यंत्र महाग, वापरणारे अनेक. प्रत्येकाच्या टेबलावरच्या संगणकावरून त्या एका प्रिंटरवर कागद कसा पाठवायचा, या गरजेतून रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये इथरनेट मांडलं. आज तुमच्या ऑफिसात जी निळी केबल भिंतीतून येते ती त्याचीच वंशज. म्हणजे ऑफिसचं नेटवर्क जन्माला आलं त्याचं एक मोठं कारण प्रिंटर. पुढे १९९१ मध्ये एचपीने जेटडायरेक्ट कार्ड आणलं आणि प्रिंटर कुठल्याही संगणकाच्या आधाराशिवाय थेट नेटवर्कवर उभा राहिला.

त्या रचनेत एक गृहीतक होतं : नेटवर्कवर जो कोणी आहे तो आपलाच माणूस आहे. म्हणून ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर जो मजकूर येईल तो प्रिंटर छापतो. तू कोण, कोणत्या पलटणीचा, असं विचारतच नाही. एका इमारतीत हे चालून गेलं. पण पुढे तेच नेटवर्क इंटरनेटला जोडलं गेलं आणि पहारेकऱ्याला परवलीचा शब्द विचारायला कोणी शिकवलंच नाही.

२०१८ च्या नोव्हेंबरअखेर जगभरातल्या प्रिंटरमधून अचानक एकच कागद बाहेर पडू लागला. प्यूडिपाय नावाच्या यूट्यूब चॅनेलला वर्गणीदार मिळवून द्या, असं त्यावर होतं. तेव्हा त्याची स्पर्धा आपल्या टी-सिरीजशी चालली होती. करणाऱ्याने सांगितलं, ५० हजार प्रिंटर. इंटरनेटवर उघडे पडलेले प्रिंटर त्याने शोधले आणि छापायचा हुकूम सोडला. लोक हसले. पण जो माणूस तुमच्या प्रिंटरवर छापू शकतो, तो काही यंत्रांवर सेटिंग बदलू शकतो आणि तुम्ही छापत असलेलं वाचूही शकतो. त्याआधी २०११ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं, की खास तयार केलेला एक दस्तऐवज छापायला पाठवून काही लेझर प्रिंटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याचा मेंदूच, बदलता येतो. कंपनीला सुधारित फर्मवेअर काढावं लागलं.

जो प्रिंटर गप्प बसला

आतापर्यंत आपण जास्त बोलणाऱ्या यंत्रांबद्दल बोललो. आता गप्प बसवलेल्या यंत्राबद्दल. फेब्रुवारी २०१६, ढाका. बांगलादेश बँक ही त्या देशाची मध्यवर्ती बँक. तिच्या दहाव्या मजल्यावरच्या खोलीत एक प्रिंटर होता. परदेशी व्यवहारांचे स्विफ्ट संदेश तो दिवसरात्र आपोआप छापत असे. शुक्रवार ५ फेब्रुवारीला तो बंद आढळला. कर्मचाऱ्यांना वाटलं, नेहमीचा बिघाड. प्रत्यक्षात चोर बऱ्याच आधीपासून बँकेच्या नेटवर्कमध्ये शिरलेले होते. आदल्या रात्री त्यांनी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हकडे जवळपास ९५ कोटी १० लाख डॉलर वळवण्याचे हुकूम पाठवले होते, आणि त्याची बातमी कागदावर उमटू नये म्हणून प्रिंटरचं तोंड बंद केलं होतं. प्रिंटर पुन्हा चालू झाला तेव्हा न्यूयॉर्कने विचारलेले प्रश्न बाहेर आले. तोवर ढाक्याची शुक्रवार-शनिवारची सुट्टी, मग न्यूयॉर्कची शनिवार-रविवारची, मग मनिलात चिनी नववर्षाची. ८ कोटी १० लाख डॉलर मनिलात पोचले. श्रीलंकेला निघालेले दोन कोटी डॉलर एका शब्दाच्या स्पेलिंगमधल्या चुकीमुळे अडकले.

आपल्या पुण्यात ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ ला कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. ९४ कोटी रुपयांहून जास्त रक्कम गेली, २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले आणि काही रक्कम स्विफ्टने हाँगकाँगला गेली. तिथे प्रिंटर नव्हता. पण वार निवडला होता तो दुसरा शनिवार. शत्रू चढाई करतो ती चौकी बदलण्याच्या वेळी, हे जुनं सूत्र. ढाक्याने त्यात एक भर घातली : पहारेकऱ्याचा आवाज थांबला की तो झोपला असं धरू नका, आधी जाऊन बघा.

एका कार्यालयातली दुपार

निवृत्तीनंतर मी इथे माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या पेन्शनच्या कागदपत्रांना मदत करतो. जयपूर हे लष्कराच्या दक्षिण-पश्चिम कमांडचं मुख्यालय, भोवतीच्या शेखावाटीत घरटी फौजी, त्यामुळे काम पुष्कळ. गेल्या वर्षी अशा कामाच्या एका छोट्या खासगी कार्यालयात गेलो होतो. नाव सांगत नाही. भिंतीवर बाहेरच्यांसाठी वायफायचा पासवर्ड लावलेला. बाकावर झुंझुनूकडच्या एक आजी बसल्या होत्या, पदरात पेन्शनचा आदेश, आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक. तिथल्या पोराने तिन्ही कागद यंत्रावर स्कॅन केले आणि आजींना परत दिले. आजींनी ते पुन्हा नीट पदरात बांधले.

मी मालकांची परवानगी घेतली, माझा फोन त्याच वायफायला जोडला आणि प्रिंटरचा आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाकला. यंत्राचं पान उघडलं. पासवर्ड विचारलाच नाही. आधीच्या कामांची यादी समोर, फाइलच्या नावांत माणसांची नावं आणि पेन्शनचे क्रमांक. स्कॅन कुठल्या ईमेलला जातात तेही बदलता येत होतं. तो पोरगा म्हणाला, "साब, प्रिंटर ही तो है." मी त्याला आजींकडे बोट दाखवून म्हटलं, "बेटा, इनके पल्लू में जो गाँठ है, वो यहाँ खुली पड़ी है."

पेन्शन बंद होईल असं सांगून फोन करणारे भामटे किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. भामट्याला आजींचं नाव, पेन्शनचा क्रमांक आणि बँक ठाऊक असेल, तर आजी त्याला कार्यालयाचाच माणूस समजणार. म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो. मोठ्या बँकेकडे तज्ज्ञ असतात. आजींच्या बाजूने फक्त तो पोरगा आहे.

बंदोबस्त

त्या दुपारी आम्ही जे केलं ते सांगतो. यंत्रानुसार बटणांची नावं बदलतील, क्रम हाच ठेवा.

पहिलं, किल्ली बदला. यंत्राच्या पानाला व्यवस्थापकाचा पासवर्ड असतो. कारखान्यातून आलेला पासवर्ड माहितीपुस्तिकेत छापलेला असतो, म्हणजे तो जगाला माहीत असतो. तो बदला, लांब ठेवा आणि दोनच माणसांकडे ठेवा.

दुसरं, चौकी आत घ्या. प्रिंटरला इंटरनेटवरून थेट वाट नको. राउटरमध्ये त्याच्यासाठी कुठलं पोर्ट उघडलेलं असेल तर बंद करा. पाहुण्यांचं वायफाय आणि ऑफिसचं वायफाय वेगळं करा, पाहुण्यांच्या बाजूने प्रिंटर दिसताच कामा नये.

तिसरं, कोणाचं ऐकायचं ते यंत्राला सांगा. बहुतेक ऑफिस प्रिंटरमध्ये ठरावीक आयपी पत्त्यांकडूनच काम घेण्याची सोय असते. मोठं ऑफिस असेल तर फक्त प्रिंट सर्व्हरचा पत्ता द्या.

चौथं, न वापरायचे दरवाजे बुजवा. टेलनेट, एफटीपी, वायफाय डायरेक्ट, जे लागत नाही ते बंद. एसएनएमपीचा मूळ परवलीचा शब्द बहुधा 'पब्लिक' असतो, तो बदला. छपाईचा आणि पानाचा संपर्क कूटबद्ध मार्गाने ठेवा.

पाचवं, कागद मालकाच्या हातातच पडू दे. पिन किंवा कार्ड दिल्यावरच छपाई सुरू होईल अशी सोय असेल तर ती लावा. ट्रेमध्ये पडून राहिलेला कागद चोरायला हॅकर लागत नाही.

सहावं, स्कॅन पाठवण्यासाठी वेगळं ईमेल खातं ठेवा. मालकाच्या खात्याचा पासवर्ड यंत्रात भरून ठेवू नका.

सातवं, फर्मवेअर आणि संगणक दोन्ही अद्ययावत ठेवा. जुलै २०२१ मध्ये प्रिंटनाइटमेअर या नावाने गाजलेला दोष प्रिंटरमध्ये नव्हता, विंडोजच्या छपाई सेवेत होता. पहारेकरी चांगला असून भागत नाही, वेसही मजबूत लागते.

आठवं, निरोप देताना झडती घ्या. मोठ्या यंत्रांत हार्ड डिस्क असते. २०१० मध्ये अमेरिकेत एका वृत्तवाहिनीने जुनी झेरॉक्स यंत्रं विकत घेतली, तेव्हा एका आरोग्य विमा संस्थेचे रुग्णांचे कागद आत निघाले. भाड्याचं यंत्र परत करताना डिस्क पुसलीच नव्हती. त्या संस्थेला २०१३ मध्ये १२ लाख डॉलरहून जास्त भरावे लागले. आपल्याकडे यंत्रं भाड्याने आणि एएमसीवर फिरत असतात. परत देण्याआधी डिस्क पुसून घ्या, आणि दुरुस्तीला माणूस आला की आपला माणूस शेजारी उभा करा. सोव्हिएत दूतावास आठवा.

नववं, रोजनिशी वाचा. कोणी, कधी, काय छापलं याची नोंद यंत्र ठेवतं. आठवड्यातून एकदा ती पाहा, आणि यंत्र अकारण गप्प झालं तर ढाका आठवा. काही घडलंच तर लपवू नका. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना सहा तासांत कळवायची असते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहितीची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

या सगळ्याला आम्हाला दोन तास लागले आणि खर्च शून्य. तो पोरगा हुशार होता. तिसऱ्या मुद्द्यानंतर मला शिकवायला लागला. आता तो प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला यादी घेऊन यंत्र तपासतो आणि सही करतो. सही मात्र कागदावर, वहीत. तो माझा आग्रह.

उद्या ऑफिसला गेलात की एवढंच करा : प्रिंटरचा आयपी पत्ता शोधा, ब्राउझरमध्ये टाका आणि बघा, तो तुम्हाला कोण म्हणून विचारतो की नाही. विचारत नसेल, तर संध्याकाळच्या आत त्याला विचारायला शिकवा.

पुढच्या भागात आपण पुन्हा घोड्यावर बसणार आहोत. तोवर जय हिंद, जय महाराष्ट्र.